विस्तवावर धरलेला बांबू

आमच्या घराण्यात बांबूला विस्तव दाखवत नाहीत, ही माहिती मला लग्नाला वीस वर्षं उलटून गेल्यावर मिळाली. मिळाली ती सासूबाईंकडून, सिंगापुरात, बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी स्वयंपाकघरात गॅसवर एक बांबू हळूहळू फिरवत असताना. सासूबाई आदल्या दिवशीच पुण्याहून आल्या होत्या. धाकट्या सुनेचं, म्हणजे माझ्या जावेचं, बाळंतपण करायला. जाऊ आणि दीर शहराच्या पूर्व टोकाला, पासिर रिसला राहतात, पण त्यांच्या खोलीचं रंगकाम चाललं होतं म्हणून पहिला आठवडा मुक्काम आमच्याकडे होता.

“अगं, हे काय करतेस?”

“तेल काढतेय, आई. बांबूतलं.”

“बांबू जाळतेस?”

“जाळत नाही, शेकतेय.”

“विस्तवावर धरलाय ना? मग जाळणंच ते. बांबू जाळला की निर्वंश होतो. बंद कर आधी.”

मी गॅस बंद केला. बांबूचं टोक काळं पडायला लागलं होतं म्हणून केला. त्यांना वाटलं, सुनेने ऐकलं. पुढच्या सगळ्या घोळाची सुरुवात तिथे झाली.

आता हा बांबू कशाचा, ते सांगते. मी शाकुहाची बनवते. ही जपानी बासरी. आपल्या बासरीसारखी आडवी नाही, उभी धरतात. वरच्या तिरप्या कापलेल्या कडेवर फुंकायचं, समोर चार भोकं, मागे अंगठ्याला एक. बांबू मुळासकट खणून काढतात, त्यामुळे खालचं टोक जाड आणि गाठाळ असतं. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे एक जपानी गृहस्थ इथल्या शिपयार्डमधून निवृत्त झाले होते. ते घरी शिकवायचे, वाजवायलाही आणि बनवायलाही. मी वाजवायला शिकायला गेले आणि बनवण्यात अडकले. आम्ही सगळे त्यांना सेन्सेइ म्हणायचो, म्हणजे गुरुजीच.

या बासऱ्या दोन तऱ्हेने करतात. एका तऱ्हेत बांबू आतून मोठा कोरतात आणि मग भिंतीला रंगवायच्या आधी लांबी भरतात तशी आत लांबी भरून, घासून, गुळगुळीत नळी करतात. सूर बरोबर मापात येतात. दुसऱ्या तऱ्हेत आत काहीही भरत नाहीत. गाठींचे पडदे फोडायचे, कानशीने थोडं थोडं घासायचं आणि पोकळी जशी उगवली तशी राहू द्यायची. एखादी कुठे फुगीर, कुठे अरुंद, कुठे जराशी वाकडी. प्रत्येकीचा सूर तिचा तिचा. सेन्सेइ ही दुसरी तऱ्हा शिकवायचे. काढलेलं परत भरायचं नाही, हा त्यांच्याकडे एकच नियम होता, आणि तो फार कडक होता. एका इंग्रज शिष्याने बासरीच्या आत चोरून मेणाचा ठिपका लावला होता, तर त्याला त्यांनी महिनाभर नुसती झाडलोट करायला लावली.

मी एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम बघते. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. दिवसभर सगळं मापात आहे का ते बघायचं, आणि मापात नसेल तर लोकांच्या डोक्यावर मिरे वाटायचे. घरी आल्यावर मला मापात नसलेलं काहीतरी हातात हवं असतं. नवरा मरीन इंजिनिअर. वीस वर्षं जहाजांची इंजिनं उघडून आतल्या नळ्या मोजत आला. माझी पहिली बासरी बघून तो म्हणाला, “थांब, आतलं माप घ्यायचं गेज आणतो. कुठे किती कमी-जास्त आहे ते कळेल.” मी म्हटलं, “आणलंस तर ते गेज आणि तू दोघंही बाहेर झोपाल.” तेव्हापासून तो फक्त दुरून ऐकतो. तसा समजूतदार आहे. नको तितका समजूतदार आहे, हे पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाला कुजबुजावं लागणार नाही. आम्हाला मूल नाही. औषधं झाली, सुया झाल्या, नवस झाले, ते सासूबाईंनी माझ्या वतीने केले. मग एक दिवस मी सगळं थांबवलं. बासरी त्यानंतर आली, त्यामुळे लोकांना हे जुळवून बघायला फार आवडतं. आमच्या मराठी मंडळींतल्या एक बाई तर मला म्हणाल्या होत्या की पोकळ बांबूत प्राण फुंकणं हेही एक मातृत्वच. त्यांना मी चहा न देता वाटेला लावलं. बांबू हा बांबू आहे आणि माझं पोट हे माझं पोट आहे. मला बासरी करायला आवडते, कारण मला बासरी करायला आवडते.

तर सासूबाई आल्या तेव्हा माझ्याकडे सात काठ्या होत्या. सेन्सेइ आदल्या वर्षी कायमचे जपानला परत गेले होते. गावाकडच्या टेकडीवरून थंडीत खणलेले, एकदा शेकून वाळवलेले हे बांबू त्यांनी पाठवले आणि निरोप दिला की आता गुडघे टेकडी चढू देत नाहीत, हे शेवटचे. मी ते कपाटावर आडवे ठेवले होते. वर्षभर सावलीत मुरवायचे, मग कामाला घ्यायचे, असा बेत होता. पण सिंगापूरची हवा मुरवू देत नाही. सासूबाई येण्याच्या आठवड्यातच कपाटावर बोट फिरवलं तर रव्यासारखी बारीक पूड हाताला लागली. भुंगा लागला होता. तो एकदा बांबूत शिरला की आतून पोखरत जातो आणि बाहेर टाचणीएवढं भोक सोडून काही दिसत नाही. सेन्सेइंना फोनवर विचारलं, तर त्यांनी एकच उपाय सांगितला: पुन्हा शेका, अगदी तेल सुटेपर्यंत, मुळापासून टोकापर्यंत, सगळे, लवकर. म्हणून मी गॅसवर एक धरून बघत होते. गॅसच्या ज्योतीवर नीट जमत नव्हतं. निखारे हवे होते.

रात्री जेवताना नवऱ्याने विषय काढला. सासूबाई झोपल्या होत्या.

“बाळंतपण होईपर्यंत थांब ना. तीनच महिन्यांचा प्रश्न आहे.”

“हे भुंग्याला सांग.”

“अगं, तिचं आधी दोनदा गेलंय. आता सातवा लागलाय. देव न करो, पण काही झालं तर आई जन्मभर तुझ्याकडे बोट दाखवील. तिच्या लेखी तूच कारण.”

तो बोलला ते खोटं नव्हतं. जावेचे आधी दोनदा गर्भपात झाले होते आणि घरात सगळे दबक्या पावलांनी वावरत होते. थांबले असते तर काठ्यांचा भुगा झाला असता. न थांबता तिला काही झालं असतं, तर ते माझ्या कपाळी चिकटलं असतं, आणि या बाबतीत माझं कपाळ आधीच पुरेसं लिहून झालेलं होतं. मूल नसलेल्या बाईने बांबू जाळला आणि दुसरीचंही गेलं. ही गोष्ट पुण्यात कशी सांगितली गेली असती, ते मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं. म्हणूनच मला थांबायचं नव्हतं. लोक काय म्हणतील याच्या भीतीने मी आयुष्यात जे जे थांबवलं, त्यातल्या एकाही गोष्टीबद्दल नंतर कुणी माझे आभार मानले नाहीत.

सकाळी मी सासूबाईंशी सरळ वाद घातला. म्हटलं, “आई, तुम्ही रोज देवापुढे दोन उदबत्त्या लावता. त्यांच्या आतली काडी कशाची असते?” त्यांनी उदबत्तीचा पुडा उचलून उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी बघते तर देवापुढे उदबत्ती नव्हती, धूप होता. काडी नसलेला. माझ्या नवऱ्याला पाठवून त्यांनी तो लिटिल इंडियातून मागवला होता आणि उरलेल्या उदबत्त्यांचे पुडे बांधून शेजारच्या तमिळ कुटुंबाला देऊन टाकले होते. माझा संताप झाला आणि त्याच वेळी मला त्या बाईंचं कौतुकही वाटलं. त्या ढोंगी नव्हत्या. जे मानत होत्या ते पुरतं मानत होत्या, आणि अशा माणसाशी भांडणं फार अवघड जातं.

आठवड्याने त्या पासिर रिसला गेल्या. जाताना दारात मला म्हणाल्या, “माझा एवढा एक शब्द राख. बाकी मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.” हे मात्र साफ खोटं होतं. वीस वर्षं त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि तीच मला देता आली नव्हती. नवरा मागून म्हणाला, “आई, तू काळजी करू नकोस.” बॅग उचलून तो घाईघाईने लिफ्टकडे गेला.

आता निखारे पेटवायचे कुठे? कॉरिडॉरमध्ये मी पूर्वी एकदा छोटी शेगडी मांडून पाहिली होती. समोरच्या चिनी आजी बाहेर आल्या, नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, “हिअर कॅनॉट लाह, माय हाउस ऑल स्मोक.” त्यांचं बरोबर होतं. सिंगापुरात मोकळा विस्तव पेटवायला रीतसर जागा एकच, समुद्रकाठच्या बागांमधल्या बार्बेक्यूच्या भट्ट्या. त्या आधी बुक कराव्या लागतात. त्या शनिवारी सगळीकडच्या भरलेल्या होत्या. एक रिकामी मिळाली ती पासिर रिसच्या बागेत, जावेच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. नवरा म्हणाला, “वेड लागलंय का? तिथे?” मी म्हटलं, “बागेवर तुझ्या आईचं नाव लिहिलेलं नाही.” त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, “बरं, आईचं मी बघतो.” काय बघणार होता, ते मी विचारलं नाही.

दुपारी मी कोळशाची पिशवी, जाड हातमोजे, जुन्या सुती फडक्यांचं गाठोडं आणि सात काठ्या घेऊन तिथे पोचले. शेजारच्या भट्टीवर एका मोठ्या मलय कुटुंबाची कोंबडी भाजायची धांदल चालली होती. निखारे धरले, राख बसली, आणि मी पहिला बांबू वर धरला. हे काम दिसतं सोपं. बांबू सतत फिरवत राहायचा, एका जागी क्षणभरही थांबायचं नाही, नाहीतर साल तडकते. थोड्या वेळाने सालीवर घाम आल्यासारखे बारीक थेंब दिसतात. ते तेल. लगेच फडक्याने पुसायचं, खालून वर, दाबून, आणि परत निखाऱ्यावर. तेल थंड झालं की चिकटून बसतं आणि मग परत शेकल्याशिवाय निघत नाही. म्हणजे फिरवायला दोन हात आणि पुसायला आणखी दोन लागतात. सेन्सेइंकडे आम्ही जोडीने करायचो. मी एकटीच होते, आणि पहिल्या बांबूचं मुळाकडचं तेल पुसायचं राहिलंच.

शेजारच्या भट्टीवरचे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी आलेच. “आंटी, यू बार्बेक्यू बांबू आह? सो हार्ड, हाऊ टू ईट?” मी म्हटलं, खायचा नाही, वाजवायचा आहे. त्यांनी मान डोलावली आणि कागदी ताटलीत कोंबडीचे दोन पंख आणून दिले.

दुसरा बांबू घेतला तेव्हा मागून आवाज आला, “ताई.”

जाऊ. सैल फ्रॉक, पायात स्पोर्ट्स शूज, एक हात कमरेवर. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं, आणि ती याच बागेत चालायची. हे मला माहीत असायला हवं होतं.

“तू घरी जा,” मी म्हटलं. “हे तुझ्या बघण्यातलं नाही.”

“आईंनी सांगितलं मला सगळं. तुम्ही काठ्या उचलून ठेवल्यात म्हणाल्या.”

“ठेवल्या नाहीत. बघतेयस ना. जा, धूर लागेल.”

ती गेली नाही. वारा कुठून येतोय ते बघून पलीकडच्या बाकावर, धूर येणार नाही अशा बाजूला बसली. मग म्हणाली, “ताई, मागच्या दोन्ही वेळी मी काहीही केलं नव्हतं. जिना चढले नाही, पपई खाल्ली नाही, ग्रहणात बाहेर आले नाही. सांगितलं ते सगळं पाळलं. तरी गेलंच ना?”

मी काठी फिरवत राहिले.

“आता पुन्हा तेच सगळं पाळतेय. आई धूप लावतात, त्याने मला मळमळतं, तरी बोलत नाही. घरात कुणी मला भाजी चिरू देत नाही. मी झोपेत कूस बदलली तरी हे दचकून उठतात. मला असं वाटायला लागलंय की हे पोट सगळ्यांचं आहे आणि मी फक्त ते सांभाळायला ठेवलेली बाई आहे.” मग ती उठली. “फडकं द्या इकडे.”

“अजिबात नाही.”

“तुमचं तेल थंड होतंय.”

होत होतं. माझे दोन्ही हात गुंतलेले होते, थेंब सालीवर जमले होते, आणि ही मुलगी गाठोड्यातून फडकं काढून उभी होती. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. दोनदा गेलेलं. सातवा महिना. सासूबाईंचं दारातलं वाक्य. मला या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता, तरी भीती वाटली, आणि त्या भीतीचाच मला भयंकर राग आला. मी बांबू निखाऱ्यांवरून उचलून भट्टीपासून लांब, तिच्यापुढे धरला. “खालून वर. दाबून. हात भाजू नकोस.”

तिने पुसलं. पहिल्यांदा हलक्या हाताने, मग चांगलं दाबून. फडक्यावर तपकिरी डाग पडला आणि पुसलेली साल चमकायला लागली. “अय्या,” ती म्हणाली. आम्ही सहा काठ्या केल्या, आणि शेवटी पहिलीही परत निखाऱ्यावर धरून पुसली. मी शेकायचे, उचलून तिच्याकडे न्यायचे, ती बाकावर बसून पुसायची. एका बांबूच्या भोकातून भुंगा बाहेर आला आणि तिच्या बुटाजवळ मरून पडला. ऊन उतरल्यावर तिने हात धुतले आणि मी तिला बजावलं की याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. जे असेल ते माझ्या नावावर. ती म्हणाली, “बरं.” आजोबांनी दिलेले पंख तिने खाल्ले आणि मग घरी गेली.

त्यानंतरचे तीन महिने मी बासरी करत होते आणि मोजत होते. दिवस नाही मोजत, फोन. फोन वाजला की हातातलं टाकून आधी कुणाचं नाव आहे ते बघायचे. असं होऊ नये असं मला वाटायचं आणि तरी व्हायचं. ऑफिसातून आल्यावर मी सातांतली एक काठी घेऊन बसायचे. गिरमिटाने गाठींचे पडदे फोडायचे, लांब कानस आत सरकवायची, चार वेळा घासायचं, फुंकून बघायचं, पुन्हा चार वेळा. खालचा सूर येतच नव्हता. नुसती हवा. मग एका संध्याकाळी मुळाजवळच्या गाठीतून नखाएवढी भुकटी निघाली आणि बासरी बोलली. खालचा सूर इतका भरून आला की नवरा आतून बाहेर आला. दुसरा सूर मात्र जरा चढा राहिला, आणि तो मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये दाखवून नवरा म्हणाला, “एवढा एक सोडला तर झकास.” आमच्या बासरीच्या गटातल्या एकाने तर बासरी हातात घेऊन, आत टॉर्च मारून सांगितलं, इथे थोडीशी लांबी भर, सूर मापात येईल, कुणाला कळणारही नाही. मी बासरी परत घेतली. मला कळलं असतं. त्याला म्हटलं, तुझ्या बासऱ्या तू पाहिजे तेवढ्या भर, माझीला हात लावायचा नाही.

मुलगी झाली. नीट झाली, वेळेवर झाली, आणि असा गळा काढला की नर्स हसल्या. फोन आला तेव्हा मी बँकेच्या मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. जावेसाठी रडले, आणि थोडी माझ्यासाठीही. सुटले म्हणून.

बारसं पासिर रिसच्या घरी केलं. सिमेंटच्या छताला कडी कुठून आणणार, म्हणून पाळणा इथल्यासारखा, लोखंडी स्टँडला स्प्रिंग आणि त्याला कापडाची झोळी. सासूबाईंना आधी तो पसंत नव्हता. बाळ त्यात घातल्याबरोबर झोपायला लागल्यावर पसंत पडला. त्यांनी स्टँडला मोगऱ्याचे गजरे गुंडाळले होते. बायका जमल्या. मी नेहमीसारखी थेट स्वयंपाकघरात गेले. बारशाला माझी जागा तीच असते, घुगऱ्यांच्या पातेल्याशी. कुणी तसं सांगत नाही. “तुझ्या हातच्या घुगऱ्या किती छान होतात” असं म्हणतात, आणि पाळण्याशी दुसऱ्या बायका उभ्या राहतात. बाळाला पाळण्याखालून आणि पाळण्यावरून एकमेकींच्या हातात द्यायचं असतं ना, त्यासाठी लेकुरवाळ्या हव्या असतात. या रीतीने मी किती घरांतल्या घुगऱ्या परतल्या असतील.

“अगं, तू तिथे काय करतेस? इकडे ये,” सासूबाईंनी हाक मारली. मी हात पुसत बाहेर आले. त्या सगळ्या बायकांकडे वळल्या. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. “हिने माझा शब्द राखला. बांबूचं एवढं वेड हिला, पण मी सांगितलं आणि हिने सगळं उचलून ठेवलं. पोर सुखरूप हातात आली ती म्हणून. ये. पाळण्याशी आज माझ्यासमोर तूच उभं राहायचंस.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा होता. त्याने ‘आईचं बघितलं’ होतं ते हे. त्याने मान बारीकशी हलवली. नको, म्हणजे. आज नको.

खरं सांगू? मला जायचं होतं. वीस वर्षांत मला पाळण्याशी कुणी बोलावलं नव्हतं. दोन पावलं टाकायची आणि हात पुढे करायचे, एवढंच होतं. सासूबाईंचे डोळे ओले होते आणि ते माझ्यासाठी ओले होते. मी गप्प बसले असते तर सगळं छान झालं असतं. पण मग काय झालं असतं तेही मला दिसत होतं. उद्या कुठल्या तरी घरात कुणाचं तरी मूल गेलं असतं, आणि कुणीतरी म्हणालं असतं, बांबू जाळला असेल, आमच्याकडे बघा, मोठीने थांबवलं आणि सगळं नीट झालं. आणि त्या गोष्टीतली मोठी मी असले असते. जी मुलगी काहीही न करता दोनदा रिकाम्या हाताने घरी आली होती, ती माझ्या समोर खुर्चीवर बसली होती.

“आई,” मी म्हटलं, “मी थांबले नव्हते.”

“काय?”

“काठ्या उचलून ठेवल्या नाहीत. सगळ्या शेकल्या. निखाऱ्यांवर. तिला सातवा होता तेव्हा. इथेच, खालच्या बागेत.”

कुणाच्या तरी बांगड्या तेवढ्या वाजल्या. सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. तो पेढ्यांकडे बघत होता.

“आणि बाळ चांगलं आहे,” मी म्हटलं. “मी थांबले म्हणून नाही आणि मी शेकल्या म्हणूनही नाही. ते त्याचं त्याचं आलं. आता सांगा, उभी राहू की घुगऱ्यांकडे जाऊ?”

“मी पुसत होते, आई.” जाऊ बोलली. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. “त्या शेकत होत्या आणि मी फडक्याने तेल पुसत होते. सातही काठ्या. कुणी जबरदस्ती केली नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.” ती खुर्चीवरून उठली, बाळाला घेऊन माझ्यापाशी आली आणि कुणालाही न विचारता तिने ते माझ्या हातात ठेवलं.

बाळ गरम होतं, आणि वाटलं होतं त्याहून जड. मी पाळण्याच्या या बाजूला होते, सासूबाई त्या बाजूला. रीत अशी की मी आता ते झोळीखालून त्यांच्या हातात द्यायचं. मी वाकले आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांचे हात पुढे आले नाहीत. मी तशीच वाकून राहिले. हात मागे घ्यायचे नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. पाठीला रग लागली, बाळाने पाय झाडला, तरी मी हात मागे घेतले नाहीत.

सासूबाईंनी पदर खोचला. खाली वाकून त्यांनी बाळाला माझ्या हातातून घेतलं, नीट धरलं, त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाळण्यावरून ते परत माझ्या हातात दिलं.